परसों म्हणजे कधी?

१८ मे १९९८, सोमवार

शिसारी! सकाळी ऑफिसच्या पायऱ्या चढले आणि नाकात पहिला वास शिरला तो त्या लाल बादलीचा. आग लागली तर टाकायला म्हणून वाळू भरून ठेवलेली बादली. ठेवलीय कुठे — हैदराबादच्या अग्निशमन खात्याच्या मुख्य कचेरीच्या दारात! आणि वाळूत काय — पानाच्या पिचकाऱ्या, बिड्यांची थोटकं, आज तर अर्धा खाल्लेला समोसासुद्धा. शेजारीच बाक. भेटायला आलेली माणसं त्यावर नाकाला रुमाल लावून बसतात. कितीदा सांगितलं शिपायाला. "म्याडम, वो अपने सेक्शन का नई." खरंच आहे. मी आस्थापनेत. माणसांच्या रजा, बदल्या, पेन्शनी माझ्याकडे. बादली कोणाच्याच सेक्शनची नाही.

दुपारी डायरेक्टरसाहेबांनी बोलावलं. आता म्हणे सगळ्या खात्यांची माहिती इंटरनेटवर जाणार. परदेशी पाहुणे येणार, ते वाचणार. तेव्हा 'खात्याच्या जबाबदाऱ्या' असं एक पान लिहून द्या, तुमचं ड्राफ्टिंग चांगलं आहे. म्हणजे काम माझं, नाव त्यांचं! लिहायला बसले तर मात्र मन लागलं. लोकांचा जीव वाचवणं. आग कळल्याबरोबर निघणं. इमारती तपासणं, धोका दिसला तर त्या बंद करणं. गाड्या आणि पंप सदैव तयार ठेवणं. लिहून झाल्यावर वाचलं, बरं वाटलं. इतकं सगळं आम्ही करतो हे मलाच माहीत नव्हतं.

२० मे, बुधवार

मसुदा परत आला. लाल शाईने नुसती क्रियापदं बदललेली! इंग्रजीत होतं, पण आपल्या भाषेत सांगायचं तर — 'जीव वाचवील'चं 'वाचवण्याचा प्रयत्न करील'. 'तपासणी करील'चं 'तपासणीबाबत मार्गदर्शन करील'. आणि 'पंप सदैव तयार ठेवील' हे वाक्य तर छाटूनच टाकलं. विचारलं, तर साहेब हसले. म्हणाले, लिहून दिलं की उद्या कोणीतरी येऊन मागतं.

ह्या खात्यात लिहिणं म्हणजे पाप. सगळं कानावर घालायचं. गाडी बिघडली, कानावर घाला. शिडी मोडली, कानावर घाला. लेखी दिलं की गाडी वर्कशॉपला जाते, मग मंत्र्यांच्या बंदोबस्ताला गाडी कुठून आणायची?

मी इथे लिहिते. तेजूला, माझ्याच लेकीला, मराठी धड वाचता येत नाही आणि ह्यांना माझ्या वह्यांत रस नाही. म्हणून सुरक्षित.

२१ मे, गुरुवार

तेजूचं आणि माझं वाजलं. बी.एस्सी. झाली, आता महिनाभर कॉम्प्युटरच्या क्लासला जातेय. सगळं काचीगुडा आणि नारायणगुडा कॉम्प्युटर शिकतंय, मग आमचीच लेक कशी मागे राहणार! आज तिचा क्लास बघून आले. इथे तळघराला सेलार म्हणतात. परवानगी गाड्या लावायला घ्यायची आणि गाड्या रस्त्यावर लावून सेलारमध्ये क्लास उघडायचा. एकच जिना. त्याच्या वळणावर झेरॉक्सचं मशीन, खाली कोल्ड्रिंकचा फ्रीज. खिडकी एक नाही. आणि पोरांनी चपला-बूट जिन्यातच काढायचे — कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणे! देवळात नसेल इतकं सोवळं.

सोड म्हटलं तिला. ती म्हणाली, "आई, तू त्याच डिपार्टमेंटमध्ये आहेस ना? मग बंद कर की तो क्लास." मी भाजी ढवळत राहिले. 

२३ मे, शनिवार

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी आपल्यात म्हण आहे. इथे बंब रामेश्वरीच पोचला — आणि नुसता उभा राहिला!

काल संध्याकाळी. तेजूचा क्लास नव्हे, दोन गल्ल्या पलीकडचा. तसाच सेलार, तसाच एक जिना. वायर जळली, धूर झाला, पोरं जिन्याकडे पळाली आणि चपलांच्या ढिगात अडखळून एकमेकांवर पडली. बहुतेक निघाली. दोघं राहिली. करीमनगरचा एक मुलगा आणि जामबागेतली रसिका म्हणून एक मुलगी. पुण्याहून दोनच वर्षांपूर्वी आलेलं कुटुंब. पोरगी तेजूपेक्षा एक वर्षाने लहान.

आमची गाडी पाच-सात मिनिटांत पोचली होती. खाजामियाँ ड्रायव्हर. होजपाइप लावला, पंप सुरू केला — आणि पाणी आलं अंगणातल्या नळाला येतं तेवढं! पंप ओढेचना. दुसऱ्या स्टेशनची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आणि ती गाडी — तीच गाडी! एप्रिलमध्ये अग्निसेवा सप्ताहाच्या समारोपाला मैदानात प्रात्यक्षिक होतं. मंत्री, मंडप, बँड. खोटी झोपडी पेटवली, खाजामियाँने पंप सुरू केला आणि पाण्याने जेमतेम जमीन ओली केली. लोक हसले. डायरेक्टरसाहेबांनी माइकवर विनोद केला की पाणीटंचाई आहे, आम्ही काटकसर करतो. टाळ्या! मग दुसऱ्या गाडीने झोपडी विझवली. मी खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत होते. कार्यक्रम संपल्यावर खाजामियाँ स्टेशन ऑफिसरला हात जोडून सांगत होता, पंप खोलून बघा म्हणून. सगळ्यांच्या कानावर पडलं. माझ्याही.



२५ मे, सोमवार

मंत्र्यांचं निवेदन: विभाग सज्ज होता. डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये आज गुलाबाचा स्प्रे मारला, पत्रकार येणार म्हणून. बाहेर बादली तशीच. स्प्रे आणि पिंक मिळून जो वास झाला, तो घालवायला मी खिडकी उघडली.

तेजूने क्लास सोडला. मी सांगितलं म्हणून नव्हे — ती त्या रसिकाला बसस्टॉपवर बघायची. नाव माहीत नव्हतं, म्हणाली, पेपरातल्या फोटोवरून ओळखलं. दिवसभर पडून आहे.

१ जून, सोमवार

चौकशी बसली. चौकशी अधिकारी सचिवालयातले लिमयेसाहेब. मूळ पुण्याचे. मी तेलुगू, दखनी, इंग्रजी तिन्ही जाणते म्हणून मला साक्षी लिहून घ्यायला आणि दुभाषी म्हणून दिलं. मराठी माणूस बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! त्यांनाही वाटलं. भाजणी कुठे मिळते विचारलं. बेगम बाजारात डाळी घ्या आणि घरीच भाजा म्हटलं. मग म्हणाले, "तुमचं मराठी किती गोड आहे हो! 'करायलेत', 'जायलेत'. ऐकत राहावंसं वाटतं." मी हसले. नंतर वाटलं, पोपटाचं कौतुक असंच करतात.

३ जून, बुधवार

रसिकाचे वडील आले होते. एकनाथराव. एका औषध कंपनीत हिशेब बघतात. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. त्या बाकावर बादलीशेजारी दोन तास बसले. मागतात काहीच नाही. एकच विचारतात — गाडी वेळेवर आली होती, मग पाणी का नाही आलं? काउंटरवरच्या बाबूने सांगितलं, चौकशी चालू आहे, "परसों आओ."

५ जून, शुक्रवार

ते आज आले! परसों आओ म्हटलं होतं ना, दोन दिवस मोजून आले. काउंटरवर हसू फुटलं. "परसों बोले तो सच्ची परसों आ गया रे!" त्या माणसाला कळेना काय चुकलं. कसं कळणार? हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. दिवस यायचा असेल तर कधीतरी, आणि गेला असेल तर केव्हाचाही. आम्ही ह्या पाण्यावर वाढलेलो, आम्हाला ते शिकावं लागत नाही. पुण्याच्या माणसाला कोण सांगणार की त्याला 'येऊ नका' म्हटलंय?

मी त्यांना पाणी दिलं. तेवढंच. स्वतःचीच किळस आली.

९ जून, मंगळवार

आज खाजामियाँची साक्ष. पांढरी दाढी, इस्त्री केलेला युनिफॉर्म. पोरगा नोकरीला लागला तेव्हा पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आला होता तो हाच. लिमयेसाहेबांनी विचारलं, पंप खराब आहे हे वरिष्ठांना केव्हा सांगितलं?

"परसोंइच बोला ना साब. पंप नखरे करराय बोल के स्टेशन ऑफिसरसाब के कान पे डाला मैं."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर साहेबांनी हात वर केला. "हे कळलं मला. परसों, म्हणजे आपलं परवा." आणि टायपिस्टला सांगितलं, सात जून घाला.

सात जून! आग लागली बावीस मेला. म्हणजे दोन पोरं मेल्यावर पंधरा दिवसांनी हा माणूस म्हणतो पंप खराब आहे! स्टेशन ऑफिसर पंख्याकडे बघत होता. तो इथलाच, चारमिनारच्या सावलीत वाढलेला. त्याला परसों कळत नाही? खाजामियाँला इंग्रजी वाचता येत नाही. त्याने बिस्मिल्ला म्हणून सही केली. आणि मी? माझं तोंड उघडंच राहिलं. उद्या सांगते. उद्या नक्की.

१० जून, बुधवार

सांगितलं!  साहेब, इथे परसों म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. माझ्या सासूबाई निजामाच्या राजवटीतल्या गोष्टी 'परसों'च्या म्हणून सांगायच्या. खाजामियाँ एप्रिलचं बोलतोय. साहेब म्हणाले, परवा म्हणजे परवा, भाषेत असं कसं चालेल? मी म्हटलं, पुण्यात 'अगदी परवापरवापर्यंत' म्हणता, तेव्हा बोटं मोजता का?

हसले! मनापासून हसले. "फारच मजेदार. लिहून घेतो हे." आणि खरंच लिहून घेतलं, माझं नाव घालून, इतक्या वर्षांची स्थानिक रहिवासी आणि दुभाषी म्हणून. ओझं उतरलं. घरी येताना गजरा घेतला, किती दिवसांनी.

१९ जून, शुक्रवार

 मघापासून दोनदा तोंड धुतलं.

अहवाल टाइप व्हायला आला. त्यात माझं वाक्य आहे. म्हणजे माझंच, माझ्या नावासकट! 'दुभाषी श्रीमती कंधारकर यांनी स्पष्ट केल्याप्रमाणे साक्षीदाराच्या बोलीत सदर कालवाचक शब्दास निश्चित अर्थ नाही. सबब तक्रार आगीपूर्वी केली होती हे सिद्ध होत नाही. साक्षीदाराचे कथन विश्वासार्ह मानता येत नाही.' पुढे: पंपाची देखभाल ही ड्रायव्हरची जबाबदारी. खाजामियाँ निलंबित. स्टेशन ऑफिसर निर्दोष. खातं निर्दोष. सेलारबद्दल एक ओळ — इमारतमालकांना मार्गदर्शन करण्यात यावे.

मार्गदर्शन! ते लाल शाईतलं क्रियापद.

मी वाचवायला गेले आणि त्याला माझ्याच हाताने बुडवलं. सात जून राहिली असती तरी तो बुडालाच असता, हे कळतं. पण त्यात माझा हात नसता.

तशीच लिमयेसाहेबांकडे गेले. म्हटलं, मी स्वतः एप्रिलमध्ये बघितलंय. पंप चालला नाही, मंत्री होते, डायरेक्टर होते, मी दुसऱ्या रांगेत होते. माझी साक्ष घ्या. ते फार सभ्यपणे बोलले. चहा सांगितला. म्हणाले, "कंधारकरबाई, तुम्ही लेखनिक आहात. लेखनिकाने साक्ष द्यायची नसते." आणि एप्रिलच्या त्या कार्यक्रमाचा अहवाल 'प्रात्यक्षिक यशस्वी' असा आहे, तो त्यांनी वाचलाय म्हणे. चहा तसाच टाकून उठले. ह्या माणसाला मी घरची भाजणी देणार होते!

पैसे खाणाऱ्याची किळस येते, पण ती ओळखीची. हा कोणाचा पैसा घेत नाही. ह्याला फक्त कागद स्वच्छ हवा. ह्याची जी किळस येते आहे तिला नाव सुचत नाही.

२० जून, शनिवार

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, निवृत्तीला किती राहिलं तुझं? तेजूचं लग्न आहे. तोंड दाबून बस, नाहीतर बदली करून आदिलाबादला फेकतील. वाईट माणूस नाही. खरं तेच बोलतात. म्हणूनच आणखी राग आला.

२२ जून, सोमवार

खाजामियाँ आला होता, निलंबनाचा कागद घ्यायला. कागद माझ्याच सेक्शनमधून जातो. युनिफॉर्म नव्हता, लुंगी-सदऱ्यात होता. पहिल्यांदा ओळखलंच नाही. सही केली, पेन नीट टोपण लावून परत दिलं. मग खाली बघून म्हणाला, "म्याडम, वो साब तो पूना के हैं. आप तो इधरकेच हैं ना. परसों बोले तो क्या, आपकू भी नई मालूम?"

मी म्हटलं, मी सांगितलं हो त्यांना.

"फिर?"

फिर काय. मी कागद फाइलला लावला.  तो सलाम करून गेला. सलाम केला मला!

२३ जून, मंगळवार

एकनाथराव पुन्हा बाकावर. अहवाल मागायला. "परसों आओ." ते मान हलवून गेले. परवा येणार, मला माहीत आहे. हा माणूस शब्दाला शब्द धरून चालतो आणि आम्ही सगळे मिळून त्याला हसतो.

इंटरनेटचं पान तयार झालं. साहेबांनी सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर उभं करून दाखवलं. लाल अक्षरांत 'आपली सुरक्षा, आमची जबाबदारी', आणि कोपऱ्यात बंबाचं चित्र. चित्रातल्या बंबातून पाणी येत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

२५ जून, गुरुवार

आले. छत्री, इस्त्रीचा शर्ट. हशा.

मी उठले, ती लाल बादली उचलली — जड आहे मेली! — आणि आवारात नेऊन उपडी केली. शिपाई म्हणाला, म्याडम, ये अपने सेक्शन का… मी म्हटलं, हो, माझ्याच सेक्शनची आहे. मागच्या बांधकामावरून कोरी वाळू आणून भरली. हात धुतले, तरी घरी येईपर्यंत वास येत होता. बाक पुसला. एकनाथराव बघत होते. 

२८ जून, रविवार

तेजूला जामबागेतलं एकनाथरावांचं घर माहीत आहे. बसस्टॉपच्या समोरचा जिना, म्हणाली. का विचारतेस? म्हटलं, सहज.

२ जुलै, गुरुवार

एकनाथरावांनी कोर्टात दावा लावला. एप्रिलचा पंप, मैदान, माइकवरचा विनोद, खाजामियाँचे जोडलेले हात — सगळं आहे त्यात. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं. दुपारी लिमयेसाहेबांचा फोन, आवाज अगदी गार. तुम्ही त्या गृहस्थांना केव्हा भेटलात, लेखी नोंद करायची आहे, नक्की तारीख सांगा.

म्हटलं, "परसों, साहेब."